कार्यालयातील स्वयंपाकघर आणि एक बाकडे : माझा अनुभव

सांगलीच्या गावभागातील आमच्या कार्यालयाची दुरुस्ती निघाली, तेव्हा मागच्या २० बाय १२ फुटांच्या खोलीत स्वयंपाकघर करण्याचे काम माझ्याकडे आले. वरिष्ठांची अपेक्षा एकच होती : हिशेब आणि वसुली या दोन विभागांची माणसे फाइलीवर शेरे मारण्यापलीकडे एकमेकांशी बोलत नाहीत, ती निदान चहाला तरी एकत्र यावीत.

कंत्राटदाराने रंगीत कॅटलॉग पुढे ठेवला आणि भिंतीला लागून प्लायवूडची कपाटे सुचवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले की गावभागातल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. त्या पुरात आमची लाकडी कपाटे फुगून त्यांचे थर सुटले, मात्र कडाप्प्याच्या फळ्या नुसत्या धुऊन पुन्हा वापरता आल्या. त्यामुळे खालचे सर्व काम कडाप्पा आणि स्टीलमध्ये करायचे आणि विजेचे बोर्ड ओट्याच्या बऱ्याच वर घ्यायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले. पाणी आलेच तर बोर्ड वाचतील असा माझा दावा नाही; पण तळाशी साचणाऱ्या फूटभर पाण्याने तरी ते जाऊ नयेत.

आराखड्याला हात घालण्यापूर्वी मी आठवडाभर लोक कुठे थांबतात ते पाहत राहिलो. दुपारच्या जेवणाला प्रत्येक जण आपापल्या टोळक्यात बसे, आणि चहा तर मामा ट्रेमधून टेबलावरच आणून देत, त्यामुळे कोणाला उठण्याचे कारणच नव्हते. दोन्ही विभागांची माणसे खरोखर समोरासमोर येत ती फक्त डबे धुण्याच्या नळापाशी. तिथे रांग लागे, आणि रांगेत उभा असलेला माणूस काहीतरी बोलतोच.

तरीही पहिली चूक मी केलीच. मधोमध सहा खुर्च्यांचे टेबल मांडले. दोन दिवसांत त्या खुर्च्या ठरावीक सहा जणांच्या झाल्या. सातवा माणूस दारातून डोकावून डबा घेऊन परत जागेवर जाई. खुर्ची भरली की भरली, तिथे विचारायला जागा उरत नाही. म्हणून खुर्च्या काढून भिंतीलगत नऊ फुटांचे एक बाकडे केले आणि त्यासमोर लांब, अरुंद टेबल ठेवले. बाकड्यावर कितीही जण बसले असले तरी ‘जरा सरका की’ म्हणता येते, आणि सरकणारा माणूस आपला डबाही ओघानेच थोडा पुढे करतो. वसुलीतील एका तरुणाने हिशेबाच्या काकूंच्या डब्यातील शेंगदाण्याची चटणी पहिल्यांदा घेतली ती अशीच.

उंचीचा हिशेब वेगळा होता. मामांना चहा करायला ३४ इंचांचा ओटा सोयीचा, पण तेवढ्या उंचीवर कप ठेवून उभ्याने बोलायचे तर वाकावे लागते. म्हणून त्याच्या पुढे ४२ इंचांचा दुसरा अरुंद ओटा घेतला आणि शेगडी फिरवून मामांचे तोंड खोलीकडे केले. पूर्वी त्यांची पाठ दिसायची. आता येणाऱ्याला पहिला प्रश्न तेच विचारतात. काकूंना मात्र उंच ओटा मुळीच पटला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘अहो साहेब, उभ्यानं खायला हे काय लग्नातलं बुफे आहे का?’’ त्यांचे गुडघे दुखतात, आणि बाकडे त्यांच्यासारख्यांसाठीही आहे, असे मी समजावले.

सर्वांत अवघड काम बांधकामाचे नव्हते, टेबलावरचा चहा बंद करण्याचे होते. पंधरा दिवस कुरकुर चालली, आणि एका वरिष्ठांनी आपल्या केबिनपुरता अपवाद मागितला. मी तो दिला नाही. एक ट्रे फिरू लागला की दहा फिरतात.

नळ मी मुद्दाम दोनच ठेवले, चार नव्हे, आणि ते शेजारीशेजारी बसवले. एक त्रास मात्र अजून आहे : भडंगाला फोडणी घातली की धुरासाठी एक्झॉस्ट पंखा लावावा लागतो, आणि तो चालू असताना शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. कमी आवाजाचा पंखा मागवला आहे. तोवर फोडणीचे काम मामा सर्व जण जागेवर परतल्यावर करतात.