झारची मदत, व्हिएन्नाची परतफेड

१८४८च्या युरोपातल्या क्रांत्यांबद्दल वाचताना मी दर वेळी हंगेरीपाशी अडकतो. ऑस्ट्रियाला हंगेरियन बंड एकट्याने आवरेना, तेव्हा तिथल्या अठरा वर्षांच्या सम्राट फ्रान्झ जोसेफने रशियाच्या झार पहिल्या निकोलसपुढे पदर पसरला. झारने फौज धाडली. बंडाची ही लागण आपल्या ताब्यातल्या पोलंडात पोहोचेल, ही त्याची खरी धास्ती. १३ ऑगस्ट १८४९ला विलागोशजवळ हंगेरियन सेनापती गॉर्गेईने शस्त्रं खाली ठेवली, तीही मुद्दाम रशियनांपुढे. व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियन सरकारला, हे झोंबलं असणारच. ६ ऑक्टोबरला अरादमध्ये १३ हंगेरियन सेनानींना मृत्युदंड! गॉर्गेई मात्र झारच्या शब्दामुळे वाचला. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री पामरस्टन यांनी नुसती हळहळ व्यक्त केली, हंगेरीला मान्यता नाहीच. पुढे पाचच वर्षांत, क्रिमियन युद्धात, ऑस्ट्रियाने त्याच झारकडे पाठ फिरवली.