दगडी वसतिगृह १:१०० – तिसरा मजला झाला

माझ्या पुठ्ठ्याच्या मॉडेलच्या तीन मजल्यांच्या भिंती चिकटवून झाल्या, चौथ्याचे तुकडे कापून ठेवलेत. मूळ इमारत अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या ब्राउनिंग्टन गावची. आज तिथे 'ओल्ड स्टोन हाउस' संग्रहालय आहे, मूळ नाव अथेनियन हॉल. माउंट बोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) शाई संपलेल्या बॉलपेनने दगडांचे सांधे दाबून काढले, त्यावर गडद राखाडी अ‍ॅक्रिलिक, आणि ते वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडीचा हात. ग्रॅनाइटचा खरखरीतपणा छान उतरतो. या मापाला एकेक दगड वेगळा कापायची गरज नाही.

ही इमारत निवडली ती बांधणाऱ्यासाठी. अलेक्झांडर ट्वायलाइट, जन्म १७९५. लहानपणीच शेजारच्या शेतकऱ्याकडे कराराने मजूर म्हणून बांधले गेले. विशीत तिथून सुटले, शाळेत दाखल झाले आणि १८२३ ला मिडलबरी कॉलेजचे पदवीधर. अमेरिकेत कॉलेजची पदवी मिळवलेले पहिले ज्ञात आफ्रिकन-अमेरिकन तेच. पुष्कळ दिवस हा मान १८२६ ला पदवी घेतलेल्या इतरांना दिला जायचा.

१८२९ ला ते ब्राउनिंग्टनच्या काउंटी (जिल्हा) ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक झाले, शिवाय गावचे पाद्रीही. लांबून येणाऱ्या मुलांना राहायला जागा हवी होती. विश्वस्तांनी पैसे द्यायला नकार दिला. तरी ट्वायलाइट यांनी स्वतःच्या हिमतीवर चार मजली ग्रॅनाइटची इमारत उभी केली. १८३४ ला सुरुवात, १८३६ ला पूर्ण.

आणि त्याच १८३६ मध्ये ते व्हरमाँटच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. राज्याच्या विधिमंडळावर निवडून आलेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन म्हणून त्यांचं नाव घेतात. मला मात्र ते तिथे कशासाठी गेले हे जास्त मोलाचं वाटतं. काउंटीतल्या शाळेसाठी राखून ठेवलेल्या जमिनींच्या उत्पन्नात त्याच काउंटीतल्या क्राफ्ट्सबरी गावच्या शाळेलाही वाटा हवा होता. ही वाटणी रोखणं हे त्यांचं मोठं काम होतं. ती रोखता आली नाही. तेव्हा तिथे मुदत वर्षाचीच असे. ती संपली आणि ते पुन्हा वर्गात परतले. म्हणूनच या भिंती करताना मला ते सभागृह वेगळं काढता येत नाही. नव्या वसतिगृहातली मुलं शिकायची तर शाळेचा निधी टिकायला हवा होता.

१८४७ ला ते शाळा सोडून क्वेबेकला शिकवायला गेले, १८५२ ला परत आले. १८५७ ला वारले. त्यानंतर दोनेक वर्षांत शाळा बंद पडली.

पुढचं काम खिडक्यांचं. ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) पांढऱ्या रंगाने बारीक पट्ट्या. छप्पर मुद्दाम करणार नाही, मॉडेल १८३५ च्या सुमाराचं, बांधकाम चालू असलेलं दाखवायचंय. गावात एक आख्यायिका आहे: दगड वर चढवणारा बैल परांचीबरोबर वर वर गेला आणि शेवटी खाली उतरवताच आला नाही. तिला आधार नाही, म्हणून बैल नाही. परांची मात्र होणार. आगकाड्यांपेक्षा बांबूच्या काड्या सरळ निघतात, तेव्हा त्याच तासायला घेतल्यात.