टॉवेल आणि स्टॉपवॉच

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला, मी लगेच 'हो' टाकून मोकळी झाले, आणि लिहायला बसले तर अख्खी शाळा बाजूला राहून एकच माणूस डोळ्यासमोर, आपले पी.टी.चे सर. बाकीच्या बाईंनी, सरांनी रागवू नये. नाव लिहीत नाही, आपल्याकडं नुसतं 'सर' म्हटलं की कोण ते शिपाईमामांनाही कळायचं.

२००४ चा नोव्हेंबर, मी अकरावीत. खो-खोची मॅच, आमची पळायची पाळी, खांबाजवळ हुलकावणी द्यायला गेले तर पाय मातीत तिथंच राहिला आणि मी वळले, गुडघ्यात कट्ट आवाज. कुणाचा धक्कासुद्धा नाही. स्प्रे मारून परत उतरले. उतर म्हणून कोण म्हणालं ते मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाहीये. पुढं दीड महिना हाडवैद्याकडं तेल-पट्टी, सूज गेली, सगळे म्हणाले झालं बरं, पण जिना उतरताना गुडघा मधेच सटकायचा. शेवटी मिरजेत एमआरआय काढला तेव्हा कळलं, एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारं आतलं लिगामेंट, तुटलंय. ऑपरेशन करून मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून तिथं बसवली. नऊ महिने खेळायचं नाव नाही.

घरी माणसं बघायला यायची, 'पोरीच्या जातीला कशाला असले खेळ' ऐकवून जायची. सर आले, चहा घेतला, गुडघ्याचा विषयच नाही. उठताना म्हणाले, "सोमवारपासून ग्राउंडवर यायचं. पाच वाजता." आई बघतच राहिली.

लिंबाखाली खुर्ची, समोर बाक, बाकावर पाय, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, शेजारी कुबड्या आणि हातात स्टॉपवॉच. व्यायाम काय तर गुडघ्यानं टॉवेल खाली दाबायचा, मांडी आवळायची, दहा मोजून सोडायची. वाटतं सोपं. ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू झोपल्यासारखा होतो, आपण कितीही सांगा त्याला ऐकूच जात नाही, म्हणून घरी मी तो करतच नव्हते. सरांनी कामच लावलं, पळणारीचे सेकंद मोजायचे आणि दर दहा सेकंदाला टॉवेल दाबायचा. एक दिवस माझ्या जागी घेतलेली आठवीतली पोर दोन मिनिटं पळाली आणि मला रडूच फुटलं. सर मागं न बघताच म्हणाले, "रड की, घड्याळ थांबवू नको." तेवढ्यात गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला, चिंचोक्याएवढं काहीतरी हललं. मी ओरडले, "सर, हललं!" सगळ्या पोरी खेळ सोडून माझ्या गुडघ्याभोवती, आणि सर शिट्टी वाजवायची विसरले.

बसून बसून मग वहीत लिहायला लागले, सूर मारताना कोण कशी पडते, वळताना कुणाचा गुडघा आत जातो. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "ह्याचं शिक्षण असतंय का गं कुठं?" मिरजेच्या फिजिओ ताईंनी सांगितलं, बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं. सोडायला निघालेलं बायोलॉजी तिथं वाचलं. २००५ च्या महापुरात मिरजेला जाणं बंद झालं तेव्हा आत्याच्या माडीवर एकटीच व्यायाम करत होते, तोवर मांडी ऐकायला लागली होती.

आता सांगलीत विश्रामबागला माझं फिजिओचं क्लिनिक आहे. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात पोरं विचारतात, मॅडम दुखत नाही, उतरू का? दुखायचं थांबलं म्हणजे लिगामेंट मुरलं असं नाही हे समजावता समजावता घसा बसतो. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला ७८-४० हरवलं, घरचे टाळ्या वाजवत होते आणि मी नुसते गुडघे बघत होते. आपल्या ग्राउंडवर मात्र पेव्हर बसवलेत म्हणे. खांब कुठं टाकले कुणाला माहीत असेल तर कळवा, एक मला पाहिजे.

सरांचा गुडघा मागच्या वर्षी बदलला. मीच जाते व्यायाम घ्यायला. टॉवेल दाबून मोठ्यानं मोजायला लावते, तर सातनंतर डायरेक्ट दहा म्हणतात.