आठ वर्षांच्या पोरीची बॅच

भाचीला क्लबच्या सरांनी थेट स्पर्धेच्या बॅचमध्ये बोलावलंय आणि तेव्हापासून आमचा दादा हवेत आहे. पोरगी आठ वर्षांची. कमान मुळातच सुरेख, खांदे मोकळे आणि भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी शाळा-कॉलेजात राज्य पातळीपर्यंत जिम्नॅस्टिक्स खेळले, त्या जुन्या भांडवलावर घरात अजून तज्ज्ञ समजली जाते. म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

मध्येच एका ओळखीच्या बाईंनी तिची कमान बघून 'रिदमिकला घाला' असं सुचवलं, म्हणजे रिबन, चेंडू घेऊन संगीतावर करतात त्या जिम्नॅस्टिक्सला. ठाण्याच्या संयुक्ता काळेने २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडियात रिदमिकची पाच सुवर्णं जिंकली, तेव्हापासून लवचिक मुलगी दिसली की लोकांना रिबन आठवते. पण आमच्या बाईसाहेबांना उलट्या मारायच्यात. सोफ्यावरून, कठड्यावरून, जमेल तिथून. तो विषय तिथेच संपला.

उरल्या दोन जागा. एक ही स्पर्धेची बॅच, बाकीच्या मुली बारा-तेराच्या. दुसरा नदीपलीकडचा छोटा ग्रुप, सगळ्या हिच्याच वयाच्या, शिकवायला एक मॅडम. दादाचं म्हणणं, मोठ्यांत राहिली की पटापट शिकेल.

दोन्हीकडे जाऊन बसले. पालक आधी कपाटातले चषक बघतात, मी रांग बघते. मुलीला तासाभरात बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या त्या अरुंद आडव्या तुळईवर, किती वेळा चढायला मिळतं? मोठ्या बॅचमध्ये एकच बीम, रांग भलीमोठी आणि सर्वांत लहान मुलगी कायम शेवटी. चार उड्या मारायच्या आणि उरलेला वेळ वेणी सारखी करत उभं राहायचं. त्यातून पटापट काय शिकणार?

मग बघितला सपोर्ट. फ्लिक, म्हणजे हातांवर टेकून मागे मारायची उलटी, शिकताना शिकवणाऱ्याचा एक हात कमरेखाली आणि दुसरा मांडीमागे हवा, आणि तो मुलगी मागे झुकायच्या आधी तिथे पोचलेला हवा. मोठ्या बॅचमध्ये सपोर्टला एक मोठी मुलगी उभी होती, सर फोनवर. त्या मुलीचा दोष नाही, तिला स्वतःचा सराव सोडून उभं केलं होतं. बऱ्याच जणींच्या मनगटांना पट्ट्या. विचारलं तर उत्तर आलं, "सवय होते." या वयात मनगटाजवळचं हाड अजून वाढत असतं. वाढीच्या त्या भागावर हँडस्टँड आणि फ्लिकचा भार रोज पडत राहिला तर तो दुखावतो. दुखतंय म्हणजे थांबायचं, पट्टी बांधून पुढे जायचं नाही.

मॅडमकडे सव्वाशे सेंटिमीटर उंचीचा खरा बीम कोपऱ्यात होता. बहुतेक काम जमिनीवर मारलेल्या दहा सेंटिमीटर रुंद पट्टीवर आणि वीतभर उंचीच्या बीमवर चाललं होतं. दादा हिरमुसला. त्याला वाटलं, ही तर बालवाडी! मला उलट तेच आवडलं. एका मुलीचं मनगट दुखत होतं, तिला मॅडमनी त्या दिवशी फक्त पोटाचे आणि पायांचे व्यायाम दिले. कुणी तिला रडूबाई म्हटलं नाही.

घाई कसली आहे, हे मला कळतच नाही. मुलींना आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात खेळायला त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावे लागतात, हा नियम १९९७ पासून आहे. म्हणजे अजून आठ वर्षं. दीपा कर्माकर सहाव्या वर्षी सुरुवात करून रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीत, चौथी आली तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि तिचे सपाट तळवे सुधारण्यावर तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदींनी आधी किती मेहनत घेतली होती! उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर टोकियो ऑलिंपिकमध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी उडी मारत होती. घाई असते ती प्रमाणपत्राची.

छोट्या ग्रुपची उणीव उघड आहे. फोम पिट, म्हणजे पडायला फोमने भरलेला खड्डा, नाही आणि अनइव्हन बार्स, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या, जुने. मी मॅडमना स्पष्टच विचारलं, पुढे काय? त्या म्हणाल्या, "बार्सवर जायंट, म्हणजे दांडीभोवतीची पूर्ण गिरकी, शिकायची वेळ आली की मी तिला इथे ठेवणार नाही, बालेवाडीच्या क्रीडासंकुलासारख्या ठिकाणी पाठवेन." शिष्य सोडायची तयारी असलेला शिक्षक मला भिंतभर चषकांपेक्षा जास्त पटतो. दादालाही पटलं, अर्धवट का होईना.

जूनपासून जाईल. आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास. वहिनीचा मात्र एकच प्रश्न आहे आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही: संध्याकाळी पाचच्या ट्रॅफिकमध्ये तिला नदीपलीकडे सोडणार कोण?