आमची वाटचाल: राजारामपुरीतल्या दुकानापासून क्लाउडच्या राखणीपर्यंत

कोल्हापुरात बसून क्लाउड सुरक्षेचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवरची माहिती राखण्याचं काम चालतं का, असं नवे ग्राहक अजूनही विचारतात. चालतं, आणि चांगलं चालतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले, इचलकरंजीचे कापड कारखानदार, नागरी बँका, पतसंस्था, काही हॉस्पिटलं हा आमचा ग्राहकवर्ग. हा माझा तिसरा धंदा. आधीच्या दोन धंद्यांनी जे शिकवलं त्यावरच हा उभा आहे.

पहिला धंदा राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचा. असेंबल केलेली मशीन, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरसच्या सीडी. पुण्याच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील ही अँटिव्हायरसची कंपनी उभी केली, हे उदाहरण तेव्हा आमच्या लाइनीत सगळ्यांच्या तोंडी असायचं. मशीनच्या विक्रीत फारसं सुटत नसे. दुकान चालायचं ते एएमसीवर, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारावर, अडल्या वेळी फोन उचलण्यावर. तो हिशेब आजही तसाच आहे.

दुसरा धंदा वेबसाइट आणि ईमेल होस्टिंगचा. तो चांगला चालला. पण २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा पुण्यातून सुरू झाली, जून २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत डेटा सेंटर उघडली, आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या छोट्या फर्मचं पुढे काय होणार हे दिसू लागलं. धंदा फायद्यात असतानाच मी तो विकला. घरच्यांना ते पटायला वेळ लागला. मला मात्र आजही वाटतं, चालता धंदा विकायला जी हिंमत लागते तीच पुढच्या धंद्याचं खरं भांडवल असते.

त्याच सुमारास सायबर सुरक्षेच्या कंपन्या उभ्या करणारे उद्योजक जय चौधरी यांच्याबद्दल मिळेल ते वाचत होतो. हिमाचलमधल्या ऊना जिल्ह्यातलं पनोह हे त्यांचं गाव, घर शेतकऱ्याचं. बनारसला इंजिनिअरिंग करून ते अमेरिकेत गेले. नव्वदच्या दशकात त्यांनी आणि पत्नी ज्योती यांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा घातला आणि सिक्युअरआयटी ही सुरक्षेची कंपनी काढली. १९९८ मध्ये ती व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीने घेतली. मग मेलच्या सुरक्षेसाठी सायफरट्रस्ट, वायरलेससाठी एअरडिफेन्स. त्याही विकल्या आणि क्लाउडसाठी झीस्केलर उभी केली, जी मार्च २०१८ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली. कंपन्या बदलल्या, पण विषय त्यांनी सोडला नाही. लोकांचं काम जिकडे सरकलं तिकडे सुरक्षा घेऊन गेले. माणसं आणि माहिती दोन्ही ऑफिसबाहेर गेल्यावर ऑफिसच्या दारातली फायरवॉलची, म्हणजे इंटरनेटवरची आवकजावक तपासणारी पेटी कोणाला राखणार, हा त्यांचा प्रश्न आमच्या फौंड्रीवाल्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

आता प्रत्यक्ष कामाचं सांगतो. नव्या ग्राहकाकडे गेलो की पहिला प्रश्न असतो, रूट अकाउंट, म्हणजे क्लाउडचे सगळे हक्क असलेलं मुख्य खातं, कोणाच्या ईमेलवर आहे? बऱ्याचदा उत्तर निघतं, नोकरी सोडून बंगळुरूला गेलेल्या एखाद्या मुलाच्या खासगी जीमेलवर. ओटीपीसुद्धा त्याच्याच मोबाइलवर. मुलगा भला असतो, पण कंपनीची सगळी माहिती त्याच्या खिशात असते.

एका कारखान्यात टॅली क्लाउडवर नेली होती आणि सीएंना घरून बघता यावं म्हणून ३३८९ हा पोर्ट, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं दार, सगळ्या जगाला उघडा ठेवला होता. मी मालकांना शेजारी बसवून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे फसलेले लॉगिन, संपता संपेनात. कधी ॲडमिनिस्ट्रेटर, कधी अकाउंट्स, कधी टॅली अशी नावं लावून कोणीतरी दार वाजवत होतं. मालक म्हणाले, "हे आजच सुरू झालं का ओ?" म्हटलं, "नाही साहेब, सर्व्हर लावला तेव्हापासून चालू आहे." पोर्ट बंद केला, व्हीपीएन, म्हणजे आत यायचा खासगी सुरक्षित रस्ता, दिलं, दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं आणि बॅकअप वेगळ्या अकाउंटमध्ये, कोणालाही पुसता येणार नाही असा ठेवला. महागडं काहीच घ्यायला लावलं नाही.

क्लाउड बँकेच्या लॉकरसारखा असतो. भिंत आणि पहारा त्यांचा, किल्ली आपली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडमधून चोरीला गेली, तेव्हा भोक बँकेच्याच चुकीच्या सेटिंगमध्ये आणि गरजेपेक्षा सैल परवानग्यांमध्ये होतं.

या धंद्यात भीती विकणं फार सोपं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे ९४ कोटी गेले, त्या त्या वेळी फोन थांबत नव्हते. पण वॉनाक्रायवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. लोकांनी तो लावला नव्हता, एवढंच. भीती दाखवली की सही मिळते, पण पुढच्या वर्षीचं नूतनीकरण मिळत नाही. म्हणून आम्ही दरमहा ठरावीक फी घेतो, कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीकडून कमिशन घेत नाही, आणि महिन्याच्या अहवालात काय बिघडलं होतं ते मराठीत लिहून देतो. चेअरमनसाहेबांना तो स्वतः वाचता आला पाहिजे.

नियमांनी आमचं काम वाढवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश आला: सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग, म्हणजे हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर वेगळी सोय केली नाही तर हालचालींची नोंद ९० दिवसांचीच दिसते. हे बहुतेकांना आमच्याकडूनच कळतं.

माणसं टिकवणं अवघड आहे. इथल्या कॉलेजातून आलेली मुलं-मुली शिकतात आणि पुण्याला जातात. त्यांना अडवण्यात अर्थ नाही. प्रत्येक ग्राहकाच्या कामाची वही मात्र कोणीही उचलून पुढे नेऊ शकेल अशी लिहिलेली असते आणि दर तीन महिन्यांनी दुसऱ्या माणसाकडून तपासली जाते.

सध्या जास्त काम हॉस्पिटलांचं आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, हे कळल्यापासून डॉक्टर मंडळी स्वतःहून बोलावतात. आम्ही आधी यादी करतो: पेशंटचे रिपोर्ट कोणत्या सर्व्हरवर आहेत, कोणत्या लॅबकडे जातात, कोणाकोणाच्या व्हॉट्सॲपवर पडून आहेत. ही यादी झाल्याशिवाय पुढचं कोटेशन देत नाही.