कोपराला गूळ

माणसाची जीभ स्वतःच्या कोपराला पोचत नाही, म्हणून तिथे गूळ लावून ठेवायची युक्ती मराठीने फार पूर्वी शोधून काढली. खेळण्यांच्या कंपन्यांना मराठी येत नसणार, पण त्यांचा सगळा धंदा कोपरावरच उभा आहे. सहा इंची अ‍ॅक्शन फिगर हातात आली की आधी कोपर वाकवून बघावं. एकच बिजागरी असेल तर हात काटकोनाशी येऊन अडतो. दोन असतील तर मूठ थेट खांद्याला भिडते. या दोन कोपरांमध्ये बरेच पैसे असतात.

मुळात ही वस्तू म्हणजे बाहुली. पण १९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने बारा इंची जी. आय. जो सैनिक बाजारात आणला तेव्हा बाहुली म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत अशी भीती होती, म्हणून ‘अ‍ॅक्शन फिगर’ असं बारसं झालं. नावावरून पुढे कोर्टही झालं. अमेरिकेत आयात बाहुलीवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के जकात होती. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, आणि आमचे एक्स-मेन, म्हणजे अचाट शक्तीची कॉमिकमधली पात्रं, तर माणूसच नाहीत, असा युक्तिवाद टॉय बिझ कंपनीने केला. २००३ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने तो मानला. कॉमिकमध्ये जी पात्रं ‘आम्हालाही माणूस समजा’ म्हणून आयुष्यभर झगडतात, ती जकातीच्या पावतीवर हरली आणि कंपनीचे पैसे वाचले.

तर, ही बाहुली तिच्या किमतीला परवडते का?

प्लॅस्टिकच्या वजनावर जाल तर कधीच नाही. सहा इंची फिगरचं वजन शे-सव्वाशे ग्रॅम. एवढ्या प्लॅस्टिकचे डबे-झाकणं भांड्यांच्या दुकानात किती कमी पैशांत मिळतात हे कुणालाही ठाऊक आहे. पैसा जातो पोलादी साच्यात. समजा, एका पात्राचे साचे पन्नास लाखांत झाले. लाख नग निघाले तर साच्याचा बोजा नगामागे पन्नास रुपये. पाचच हजार निघाले तर हजार. लोकप्रिय नायक स्वस्त आणि त्याचा तिसऱ्या फळीतला खलनायक महाग का, याचं उत्तर या भागाकारात आहे. म्हणून कंपन्या एकच धड दहा पात्रांना वापरतात. मुंडकं, पंजे आणि रंग बदलला की नवा माणूस. यात फसवणूक आहे असं नाही, पण तेच धड चौथ्यांदा घेताना किंमत पूर्ण नवी लागत असेल तर कपाळाला आठी पडायला हरकत नाही.

सांध्यांकडे परत येऊ, कारण फिगरची खरी परीक्षा तिथेच. १९७८ च्या पावणेचार इंची स्टार वॉर्स फिगरना मोजून पाच सांधे होते: मान, दोन खांदे, दोन मांड्या. कोपर नाही, गुडघा नाही. किंमत दोन डॉलरच्या आसपास. आजच्या सहा इंचीला तिशीच्या घरात सांधे असतात, पण नुसता आकडा मोजून काही कळत नाही. डब्यावर सांध्यांची संख्या मिरवणारी फिगर प्रत्यक्षात लाकडासारखी असू शकते. त्यापेक्षा दोन देशी परीक्षा घ्याव्यात. दुकानदार डबा उघडू देत नसेल तर परीक्षणाच्या व्हिडिओत या दोन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, नमस्कार. छातीपाशी हात जोडायला खांदा आधी पुढे सरकावा लागतो, त्यासाठी छातीत आणखी एक बिजागरी लपवलेली असते, तिला फुलपाखरी सांधा म्हणतात. मग दंड स्वतःभोवती फिरला पाहिजे, कोपर काटकोनाच्या पुढे मिटलं पाहिजे आणि मनगट मागे वाकलं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी हात हवेत लटकतात. शिवाय डब्यात उघडे पंजे हवेत. नुसत्या मुठीच दिल्या असतील तर नमस्कार कसला, गुद्दागुद्दीच.

दुसरी, मांडी घालून बसणं. त्यासाठी खुबा बाहेर उघडावा लागतो, मांडी वळावी लागते, गुडघा पूर्ण मिटावा लागतो. लांब कोटाची पात्रं इथे हमखास नापास होतात, कारण कोट एकाच रबरी तुकड्यात ओतलेला असतो आणि पाय उचलला की तो परत खाली ढकलतो. शिवाय एक छोटी तिसरी परीक्षा, पावलाची. पाय फाकून उभं केल्यावर तळवा सपाट टेकला पाहिजे. घोटा आडवा कलत नसेल तर फिगर पावलाच्या कडेवर उभी राहते आणि एखाद्या रात्री कपाटातून खाली येते, येताना शेजारच्या चौघांना घेऊन.

या परीक्षांमध्ये जपानी १/१२ मापाच्या (माणसाच्या बाराव्या हिश्शाच्या, म्हणजे साधारण सहा इंचीच) फिगर सहसा पुढे असतात. बंडाईची एस. एच. फिगुआर्ट्स आणि मॅक्स फॅक्टरीची फिग्मा या दोन्ही मालिका २००८ च्या. किंमत सहा हजार येनपासून वर. मार्व्हल लेजेंड्स ही अमेरिकी सहा इंची मालिका २००२ मध्ये सुरू झाली तेव्हा फिगर सात-आठ डॉलरला मिळायची आणि सोबत कॉमिकही असायचं. आता साधारण पंचवीस डॉलर, कॉमिक नाही. महागाई धरली तरी ही वाढ जास्तच आहे. म्हणून पंचवीस डॉलरची आणि त्याच्या दुप्पट किमतीची जपानी, यांत दुसरीच स्वस्त पडते असं आमचं मत. एका जपानीत पंजांच्या चार-पाच जोड्या, दोन-तीन चेहरे आणि नीट मिटणारं कोपर मिळतं. तेवढ्याच पैशांत दोन अमेरिकी घेतल्या तर त्यातली एक पुढच्या वर्षी खोक्यात जाते.

त्याच्या वरच्या पायरीवर, हॉट टॉइजसारख्या बारा इंची, अडीचशे-तीनशे डॉलरच्या फिगरबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. तिथे पैसे हालचालीचे नसतात, चेहऱ्याचे आणि कपड्यांचे असतात. चेहरा अफाट असतो, वाद नाही. पण जाकीट पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याचं असेल तर हवेतला ओलावा त्याच्या रेणूंची साखळी तोडत राहतो. काही वर्षांत पापुद्रे सुटतात, आणि ते न उघडलेल्या डब्यातही सुटतात. कोकणात, मुंबईत तर लवकरच. सिलिका जेलच्या पुड्यांनी मरण लांबतं, टळत नाही. घ्यायचीच तर कापडी पोशाखाची किंवा चिलखताची घ्यावी.

रंगाचं सांगायचं तर पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जे आखणीला, तेच इथे चेहऱ्याच्या छपाईला. मूर्तीचं अंग कितीही सुबक असो, डोळ्यांची आखणी चुकली की मूर्ती बघवत नाही. फिगरमध्ये पूर्वी बुबुळं रबरी ठशाने उमटवायचे. ठसा अर्धा मिलिमीटर सरकला की नायक तिरळा. आता चेहरे डिजिटल छापले जातात, बारीक ठिपक्यांचे. हातभर अंतरावरून जिवंत, नाकाला लावले तर वर्तमानपत्रातला फोटो. दुकानात निवड करता येत असेल तर एकाच पात्राचे तीन डबे शेजारी ठेवून फक्त डोळे बघावेत. मग डबा उलटा करून, दिसत असेल तर पाठ बघावी. प्रत्येक रंगाला वेगळं हातकाम लागतं, त्यामुळे काटकसर पाठीपासून सुरू होते: पट्टा पुढून सोनेरी आणि मागून कोरा, पिस्तुलाचं म्यान नुसतं अंगाच्या रंगाचं.

घरी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फिगर मोडते. कारखान्यात सांध्यात रंग शिरून सुकलेला असतो, आपण जोर लावतो आणि खुंटी आतल्या आत पिळून तुटते. अडलेला सांधा दिसला की थांबावं. हात सोसेल त्याहून थोडं जास्त गरम, पण उकळतं नाही, अशा पाण्यात तो भाग एक-दोन मिनिटं धरावा आणि मग हळूच दोन्ही बाजूंना हलवावा. तरीही न हलल्यास सिलिकॉन तेलाचा एक थेंब. गंजलेल्या कड्यांवर मारायचा पेट्रोलियमचा फवारा इथे नको, त्याने काही प्लॅस्टिकं तडकतात. वाकडी तलवारही अशीच गरम पाण्यातून सरळ करायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे सरळ राहते. उलट सांधा सैल झाला असेल तर सांध्याच्या गोळीवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, पूर्ण सुकू द्यावा आणि मगच बसवावं. ओलं असताना बसवलं की सैल सांध्याचा कायमचा जाम सांधा होतो.

बाहेरून मागवताना लोक फिगरची किंमत बघतात आणि डब्याची विसरतात. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांत जे जास्त तेच धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं. ३० बाय २३ बाय १३ चं खोकं म्हणजे जवळपास १.८ किलो. आत माल पाव किलोचा. बाकीचं हवेचं भाडं. त्यावर जकात, आणि ती मालाच्या किमतीसह भाडं आणि विमा धरून लागते, म्हणजे हवेवरही कर. भारताने खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली होती. दर बदलत राहतात, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर बघूनच हिशेब करावा. हिशेबाअंती इथल्या अधिकृत विक्रेत्याचा चढा भाव पुष्कळदा बरा वाटतो.

नकली मालाबद्दल दोनच ओळी. डबा उघडताच रॉकेलसारखा वास, चकचकीत त्वचा आणि मऊ पडलेली बोटं ही खूण. अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून खूश होऊ नये, तिचं कोपर अर्धंसुद्धा वाकत नाही.

उरतो सीलबंद डब्याचा प्रश्न, आणि खरा गूळ तिथे लावलेला असतो. २०२४ मध्ये स्टार वॉर्समधल्या बोबा फेटची एक जुनी फिगर अमेरिकेत लिलावात ५,२५,००० डॉलरला गेली. ही बातमी वाचून माळ्यावर डबे रचणारे पुष्कळ. पण ती दुकानात कधी आलीच नव्हती. पाठीवरून उडणारं क्षेपणास्त्र मुलांना धोक्याचं म्हणून कंपनीने बेत रद्द केला आणि मागे उरले ते थोडे नमुने. याउलट १९९५ पासून स्टार वॉर्सच्या ज्या नव्या फिगर आल्या, त्या पुढे महाग होतील म्हणून हजारोंनी न उघडता जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, त्यामुळे त्यातल्या बहुतेक आजही मूळ किमतीच्या आसपासच रेंगाळतात. आणि डबा बंद ठेवल्यावर तीस सांध्यांचे पैसे भरून एकही न वाकवण्याचा हा प्रकार जरा चमत्कारिकच. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्याला एकही सांधा नसतो, पण तो निदान बुरुजावर उभा तरी राहतो.

किमतीला पुरून उरलेली फिगर बघायची तर फार लांब जायला नको. हॅस्ब्रो आणि एम. आर. एफ. यांची फनस्कूल १९८७ मध्ये सुरू झाली, तिचा कारखाना गोव्यात, आणि तिने पावणेचार इंची जी. आय. जो भारतातल्या मुलांसाठी काढले. साचे परदेशातून वापरून झालेले आणि रंग पुष्कळदा इथल्याच मर्जीचे. आज त्या विचित्र रंगांसाठीच परदेशी संग्राहक ते शोधतात. या सैनिकांच्या दंडाला १९८३ मध्ये फिरता सांधा मिळाला, म्हणून बंदूक दोन्ही हातांनी धरता येते. कमरेला मात्र आतून एकच रबरी कडी धरून ठेवते. तीस-पस्तीस वर्षांनी ती कुजते आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. घाबरायचं कारण नाही. पाठीवरचा एकच स्क्रू स्टार स्क्रूड्रायव्हरने काढायचा. छातीचा भाग पालथा ठेवला की पोकळी वर येते. जुन्या कडीचे तुकडे वेचून ठेवायचे आणि ते घेऊन नळाच्या सामानाच्या दुकानात जायचं, तशीच ओ-रिंग मागायची. जाड निघाली तर धडाचे दोन भाग मिटत नाहीत, सैल निघाली तर कंबर लोंबते. नवी कडी पायांमधल्या लोखंडी आकड्यात अडकवायची, कमरेच्या तुकड्यातून वर ओढायची, आतल्या खुंटीवर चढवायची. दोन्ही हात आणि मुंडकं आपापल्या खाचेत बसवून पाठ लावायची. स्क्रू घट्ट झाला की थांबायचं, आणखी अर्धा फेरा दिला तर प्लॅस्टिकचे आटे जातात.

मग बंदूक द्यायची, पण तिची मूठ सैनिकाच्या पंजात सरळ रेटू नये, बाजूने सरकवावी. अंगठा तुटला तर त्याची रिंग मिळत नाही.