कुठला कोर्स करायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत विचारलं जातं, सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारलं जातं, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं होतं: "मुलाला तुमच्या त्या एमईपीत घालायचंय. कुठला कोर्स करू दे?" तोंड मोकळं असतं तेव्हाही मला याचं धड उत्तर देता येत नाही. मग विचारणाऱ्याला वाटतं, बाई हातचं राखून बोलतेय. तसं नाहीये. एकदाचं लिहूनच टाकते.

इमारतीतली हवा, वीज, पाणी आणि आगीची व्यवस्था म्हणजे एमईपी, हे तुम्हाला माहीत आहेच, नाहीतर विचारलंच नसतंत. तुम्हाला हवं असतं एक नाव: कॉलेजचं, शाखेचं, नाहीतर सर्टिफिकेटचं. आणि घोडं तिथेच पेंड खातं. इंग्लंडात ‘बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअरिंग’ नावाचीच पदवी मिळते, नोकरी करता करता ती घेता येते, पुढे सिब्सी या संस्थेमार्फत चार्टर्ड इंजिनिअर होता येतं. पुण्यात आम्ही सगळे आडवाटेनं आलोय. मेकॅनिकलवाले एसीत, इलेक्ट्रिकलवाले केबल आणि पॅनलमध्ये, सिव्हिलमधले काही प्लंबिंगमध्ये. मेकॅनिकलच्या पोरानं चार वर्षं गिअर, कॅम, थर्मोडायनॅमिक्स केलेलं असतं. वातानुकूलनाचा एखादा विषय, तोही कित्येकदा ऐच्छिक. आगीपुरतं म्हणाल तर नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथे फायर इंजिनिअरिंगची खरीखुरी डिग्री मिळते. इथल्या किती आईबापांना ते माहीत असतं, मला शंका आहे.

बाकी वाटा तुम्ही शोधल्या असतीलच. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एसीचा नाहीतर इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. कागदावर सुरेख दिसतं. पण प्रत्येक टप्प्यावर पगार सुरू होतो, आणि पगार सुरू झाला की घराला पुढचा टप्पा दिसेनासा होतो. माझ्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी वडिलांच्या पिंपरीच्या कंपनीत व्हीआरएस आली. धाकटी बारावीला होती. मी एरंडवण्यातल्या एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन म्हणून लागले. ड्राफ्ट्सवुमन कुणी म्हणत नाही, मीही म्हटलं नाही.

माझी मैत्रीण डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला गेली, तेव्हा मी तिला म्हटल्याचं पक्कं आठवतं, "तू तीन वर्षं पुस्तकं वाच, तोवर मी तीन बिल्डिंगा उभ्या करते." उभ्या केल्याही. ती आज खराडीला एका परदेशी कंपनीच्या डिझाइन विभागाची प्रमुख आहे. ड्रेनेजचा उतार विचारला तर अजूनही गूगल करते. (हे लिहायला नको होतं. पण खोटं नाही.)

त्या बिल्डिंगांनी मला काय शिकवलं, ते एका प्रसंगातनं सांगते. बाणेरच्या साइटवर बीमच्या खाली आणि फॉल्स सीलिंगच्या वर मिळून जेमतेम दीड फूट जागा होती. तेवढ्यात हवेचा डक्ट, स्प्रिंकलरची लाइन, केबल ट्रे आणि वरच्या मजल्याच्या टॉयलेटची ड्रेन लाइन बसवायची होती. मी ऑफिसात बसून डक्ट एकदम सरळ नेला होता. चित्र छान दिसत होतं. प्लंबिंगचे फोरमन काका ड्रॉइंग उलटं धरून बराच वेळ बघत राहिले. मला हसू येत होतं. मग म्हणाले, "ताई, पाणी वर चढत नाही. हवेला वळवा." शंभरास एक असा उतार धरला, तर आठ मीटरला पाइप ऐंशी मिलिमीटर खाली येतो आणि नेमका माझ्या डक्टच्या पोटात घुसतो. सीलिंगमध्ये पहिला मान उताराच्या पाइपचा, मग डक्टचा, केबल सगळ्यात शेवटी, कारण ती कुठूनही वळते. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. त्या काकांकडे आयटीआयचंही सर्टिफिकेट नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग साइटवरच शिकू दे की पोराला. थांबा. साइटवर शिकलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. दहा वर्षं पत्र्याची तीच जाडी, जोडाचा तोच फ्लँज, तीच लांबी. डक्टचा आकार तेवढाच का, हे कुणी विचारू देत नाही आणि हळूहळू त्यांना विचारावंसंही वाटत नाही. हवेतली उष्णता आणि ओलावा दाखवणारा सायक्रोमेट्रिक चार्ट भिंतीवर कॅलेंडरासारखा लटकलेला असतो. मला तो वाचता आला, कारण डिप्लोमाच्या एका सरांनी तो आमच्याकडून हातानं काढून घेतला होता. म्हणजे शाळा लागतेच. हे मी विशीतल्या मला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

राहिला तीन महिन्यांचा कोर्स. डेक्कनपासून शिवाजीनगरपर्यंत पाट्या आहेत, बहुतेकींवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. मी त्यांच्या विरोधात नाही. रेव्हिट, ऑटोकॅड ही ड्रॉइंगची, आणि हीट लोडचं, म्हणजे किती उष्णता बाहेर काढायची ते मोजणारं सॉफ्टवेअर हाताखालून जातं, ते कॉलेजात क्वचितच होतं. पण एक उदाहरण देते. असाच एक मुलगा हजार चौरस फुटांच्या ऑफिसचा हीट लोड काढून आला, सोळा टन. साधारण सहाच्या आसपास यायला हवा होता. माणसांच्या रकान्यात दहाच्या जागी शंभर पडले होते. शंभर माणसांचं अंग तापतं, त्यांना ताजी हवा लागते, ती बाहेरच्या उन्हातनं येते. सॉफ्टवेअरनं सगळं इमानदारीत मोजलं. पोरगं म्हणालं, "मॅडम, रिपोर्टमध्ये एरर नाही आली."

म्हणून मी मुलाखतीत पहिला प्रश्न एकच विचारते: एक टन एसी म्हणजे काय? बीई झालेले निम्मे म्हणतात, हजार किलो. कसले हजार किलो, ते सांगत नाहीत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तो दर. तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. ज्याला हे कळतं त्याला बाकीचं शिकवता येतं, असं माझं मत. माझ्या मताला बाजारात किंमत किती, ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या विस्ताराचं काम आलं. ऑपरेशन थिएटर म्हणजे ओटी, आयसीयू, सगळं. महिनाभर मी त्यातच बुडाले होते. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ओटीत तासाला किमान २० वेळा हवा बदलायची, त्यातल्या किमान ४ बाहेरच्या ताज्या हवेच्या, आणि आतला दाब शेजारच्या जागेपेक्षा किमान २.५ पास्कल जास्त, म्हणजे दार उघडलं तर हवा आतून बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. ड्रॉइंग माझी, हिशेब माझे. निविदेच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "प्रमुख डिझाइन इंजिनिअर पदवीधरच हवा अशी अट आहे. तुझं नाव घालता येत नाही." मग ज्याला मी हीट लोडचा पहिला फॉर्म भरायला शिकवलं होतं, त्या मुलाचं नाव घातलं. सर वाईट नव्हते. म्हणाले, "तू ये की सोबत, काही विचारलं तर."

सादरीकरणाला लांबलचक टेबल होतं आणि अध्यक्षांच्या डोक्यावर थेट डिफ्यूझर, म्हणजे एसीची हवा खोलीत सोडणारी जाळी. त्या डिफ्यूझरचा थ्रो, म्हणजे हवेचा झोत, चुकीचा होता, हे मला जाताक्षणी दिसलं. ते सारखे टकलावरून हात फिरवत होते. पाऊण तासानं त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "ओटीतलं रिटर्न ग्रिल जमिनीजवळ का? वर घेतलं तर भिंत मोकळी राहील." रिटर्न ग्रिल म्हणजे खोलीतली हवा परत ओढून घेणारी जाळी. प्रश्न चांगला होता, म्हणून मी लगेच सुरू केलं: स्वच्छ हवा टेबलाच्या वरून खाली येते, ती कण घेऊन खालूनच निघायला हवी... अध्यक्षांनी यादी उचलली. चष्मा वर केला. "आपलं नाव?" मी सांगितलं. "यादीत दिसत नाही." मी म्हटलं, मी डिझाइन टीममध्ये आहे. "हो, पण ज्यांचं नाव आहे त्यांना बोलू द्या. आम्हाला मिनिट्समध्ये लिहावं लागतं." अत्यंत सभ्यपणे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी माझा पेन्सिलनं लिहिलेला कागद त्या मुलाकडे सरकवला. त्यानं वाचायला सुरुवात केली. त्याचे कान लाल झाले होते. ग्रिलचं बरोबर सांगितलं, हवेचे बदल बरोबर सांगितले, आणि दाबाशी आला तेव्हा पेन्सिलचा ठिपका त्याला दिसला नाही. "पंचवीस पास्कल," तो म्हणाला. टेबलाभोवती सात-आठ पदवीधर होते. कुणीही मान वर केली नाही. समोरच्या बाईंनी २५ लिहून घेतलं. एवढ्या दाबाला त्या ओटीचं दार ढकलताना नर्सला दर वेळी जोर लावावा लागला असता.

मी बोलले नाही. मुद्दाम बोलले नाही. यादीत नाव नव्हतं ना.

काम आम्हाला मिळालं. त्या संध्याकाळी मी दुरुस्तीची मेल लिहिली, खाली त्याचं नाव टाकून पाठवली. खालच्या टपरीवर तो म्हणाला, "मॅडम, सॉरी." मी म्हटलं, चहा सांग. तो सालस मुलगा होता, आणि त्याचा खरंच काही दोष नव्हता, आणि तरी त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आजही येतो, अधूनमधून.

तेव्हापासून मी काय काय केलं, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसती रडते आहे. ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या सरकारी बीईईची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा डिप्लोमावाल्यालाही देता येते, फक्त अनुभवाची वर्षं जास्त मागतात. ती दिली, पास झाले. एसी-रेफ्रिजरेशनवाल्यांच्या इश्रे या संस्थेच्या पुणे चॅप्टरच्या व्याख्यानांना जाते. तिथे कुणी डिग्री विचारत नाही, शेजारचा उलट आपलीच अडचण सांगत बसतो. नॅशनल बिल्डिंग कोडचा २०१६ चा आठवा भाग, इमारतीच्या सेवांचा, माझा पाठ असल्यासारखा आहे. यातलं काहीही त्या अटीच्या रकान्यात बसत नाही. पूर्वी एएमआयई होती, घरी अभ्यास करून परीक्षा द्या आणि डिग्रीच्या बरोबरीला या. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती बरोबरी उरली नाही. त्याआधी का नोंदवलं नाही, असं नवरा विचारतो. तेव्हा धाकटीची फी मी भरत होते, हे त्याला माहीत आहे, तरी विचारतो.

आणि तरी त्या अध्यक्षांना मी पूर्ण चूक म्हणू शकत नाही. उद्या ओटीत काही झालं तर त्यांनाच विचारणार, काम कुणाला दिलंत. कागदाशिवाय ते काय दाखवणार? माझ्याकडे एका जागेसाठी ढीगभर अर्ज येतात. मी सगळे वाचत नाही. शिक्षणाचा रकाना आधी बघते, डिप्लोमावाले बाजूला ठेवते, वेळ उरला तर बघू म्हणून. वेळ फारसा उरत नाही. मी. हे मला स्वतःलाच पटवून देता येत नाही, तुम्हाला काय देणार?

म्हणून एकाला मी डिप्लोमा सांगते आणि दुसऱ्याला डिग्री, आणि ते दोघे नंतर एकमेकांना भेटतात. ज्या घरात एकोणिसाव्या वर्षी पगार यायलाच हवा, तिथे मी डिप्लोमा म्हणते. ज्या घरात चार वर्षं काढता येतात, तिथे म्हणते काढा, आणि सुट्टीत पोराला साइटवर पाठवा, फुकट का होईना. अलीकडे तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईनं नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे डिग्री अभ्यासक्रम सुरू करू दिले आहेत. त्याचं माहितीपत्रक माझ्या टेबलाच्या खणात पडलंय. गणित-तीन पुन्हा करायचं या वयात. दोनदा वाचलं, पुन्हा खणात ठेवलं.

गेल्या महिन्यात बाजूच्या ढिगातली एक मुलगी बोलावली. डिप्लोमा, हिंजवडीच्या साइटवर सुपरवायझर. टन म्हणजे काय विचारलं, तर तिनं बर्फापासून सुरुवात केली. मी तिथल्या तिथे तिला घेतलं, आणि घेताना म्हटलं, "नोकरी करता करता डिग्री मात्र करून टाक."

ती म्हणाली, "तुम्ही केलीत, मॅडम?"

मी म्हटलं, आपण आधी पगाराचं बोलू.